उम्म कुलथुम: महिन्याचा पहिला गुरुवार कुठून आला

इजिप्तची गायिका उम्म कुलथुम, तिचं नाव निघालं की लोक लगेच आवाजावर घसरतात. आवाज होताच तसा, वादच नाही. पण तेव्हाच्या कैरोत गाणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या, मुनीरा अल महदिय्या तर आधीपासून स्टार होती. मग महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मोरोक्कोपासून इराकपर्यंतची माणसं एकाच बाईसाठी रेडिओला चिकटून का बसायची, हे कळायला जरा मागे जावं लागतं. माझं मत विचाराल तर यात गळा जेवढा, तेवढाच बाईंचा व्यवहार.

जन्म नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या तमाय अझ-झहायरा नावाच्या खेड्यातला, साल कोणी १८९८ देतं कोणी १९०४. वडील इब्राहिम गावच्या मशिदीत इमाम, त्यात भागायचं नाही म्हणून लग्नाकार्यात धार्मिक गाणी गाऊन चार पैसे जोडायचे. ते मुलाला, खालिदला, शिकवायचे आणि ही पोरगी नुसतं कानावर पडेल तेवढ्यावर सगळं पाठ करायची. एक दिवस ते वडिलांच्या लक्षात आलं आणि तिलाही बरोबर न्यायला लागले, फक्त मुलीच्या जातीनं चारचौघांत गाणं बरं दिसत नाही म्हणून मुलाचे कपडे आणि डोक्याला बेदुइन पद्धतीचं कापड. कुराण पठणाची तालीम लहानपणीच झालेली, त्यामुळे अरबीचा एकेक उच्चार घासूनपुसून तयार होता आणि तो शेवटपर्यंत कामी आला.

१९२३ च्या सुमारास घरचे सगळे कैरोला आले. शहरी लोकांना ही गावाकडची मंडळी वाटायची, साथीला वाद्यं नाहीत, घरचेच पुरुष मागे सूर धरतायत. पण बाई भराभर शिकल्या. अबू अल-इला मुहम्मद यांनी जुनी गायकी शिकवली, मुहम्मद अल-कसबगी ऊद हे तंतुवाद्य घेऊन आले आणि चाली द्यायला लागले, आणि कवी अहमद रामी भेटले. हे रामी पॅरिसला फारसी शिकून आलेले, उमर खय्यामच्या रुबाया थेट फारसीतून अरबीत आणणारे. त्यांनी बाईंसाठी शंभरावर गाणी लिहिली आणि कवितेची समजही दिली. १९२८ मध्ये कसबगींच्या चालीची 'इन कुन्त असामिह' ही रेकॉर्ड आली ती तुफान चालली, तिथून गावाकडची पोरगी हा शिक्का पुसला गेला.

खरी गंमत पुढे आहे. ३१ मे १९३४ ला इजिप्तचा सरकारी रेडिओ सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी बाई त्यावर गायल्या. मग थिएटरातला त्यांचा महिन्याचा कार्यक्रम थेट रेडिओवर जायला लागला. तिकडे शुक्रवारी सुट्टी, त्यामुळे गुरुवारची रात्र म्हणजे जागरणाला मोकळीक. थिएटर ठरवणं, आयोजन बघणं, कराराच्या अटी, हे बाई स्वतः बघायच्या, दुसऱ्या कंत्राटदाराच्या हातात फार काळ राहिल्याच नाहीत. सिनेमे मोजून सहा केले, पहिला 'विदाद' १९३६ चा, आणि नंतर सिनेमा सोडून दिला तो दिलाच.

आता बाईंचं एकेक गाणं तासभर कसं चालायचं ते. बऱ्याच जणांना वाटतं की कविताच मोठी असते, तसं नाही, ओळी बेताच्याच असतात. आधी वाद्यवृंदाची लांबलचक सुरुवात, बाई खुर्चीवर शांत बसलेल्या, हातात रुमाल. मग उठून एक ओळ म्हणायची. लोकांनी दाद दिली, ओरडाआरडा केला की तीच ओळ परत, पण या वेळी शब्द वेगळ्या ठिकाणी तोडून, स्वर जरा ओढून, मकाम (म्हणजे आपल्या रागासारखी स्वरांची चौकट) बदलून, आणि वाद्यवाल्यांनी डोळ्यांत तेल घालून बाई आता कुठे वळतायत ते बघत बसायचं. आपल्या संगीत नाटकातल्या वन्समोअरसारखंच, फक्त इथे वन्समोअरला आधीचं गाणं जसंच्या तसं मिळायचं नाही. त्यामुळे एकच गाणं एका रात्री चाळीस मिनिटं, दुसऱ्या रात्री दीड तास असं होऊ शकायचं, आणि रात्रभरात दोनतीन गाण्यांत कार्यक्रम संपायचा. स्टुडिओतली रेकॉर्ड ऐकून बाई कळत नाहीत ते यामुळेच, प्रेक्षकांचा आवाज असलेलं ध्वनिमुद्रणच ऐकावं.

व्यवहार म्हटलं तर भांडणंही आलीच. संगीतकार झकरिया अहमद यांनी रॉयल्टीच्या पैशांवरून बाईंविरुद्ध कोर्टात धाव घेतली, बरीच वर्षं दोघांचं काम बंद. १९६० मध्ये तडजोड झाली आणि लगेच एक नवं गाणं आलं, ते दोघांचं शेवटचं ठरलं, पुढच्याच वर्षी झकरिया गेले. मधली वर्षं फुकट गेली याची मला तरी फार हळहळ वाटते, कारण त्यांच्या चालींत गल्लीबोळातलं कैरो होतं, आणि बाईंचे दुसरे संगीतकार रियाद अल-सुनबाती यांच्या चाली भारदस्त असल्या तरी ती चव तिथे नाही.

राजकारण बाईंना कधी सुटलं नाही. इजिप्तचा राजा फारुक यानं १९४४ मध्ये राजघराण्यातल्यांना मिळणारा किताब दिला होता, म्हणून १९५२ मध्ये राजाला हटवणारी लष्करी क्रांती झाल्यावर काही उत्साही अधिकाऱ्यांनी त्यांची गाणी रेडिओवरून काढून टाकली. क्रांतीचे नेते आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले नासर स्वतः त्यांचे चाहते, त्यांनी हा वेडेपणा थांबवला असं सांगतात. पुढे १९५६ च्या सुएझच्या लढाईत त्यांनी गायलेलं 'वल्लाही झमान या सिलाही' हे १९६० ते १९७९ इजिप्तचं राष्ट्रगीत होतं. एव्हाना ट्रान्झिस्टर घरोघरी पोचलेले आणि कैरोचं 'सौत अल-अरब' रेडिओ स्टेशन सगळीकडे लागायचं, म्हणजे नासरचं भाषण आणि बाईंचं गाणं एकाच डब्यातून.

१९६४ ला 'इन्त उम्री'. गायक-संगीतकार मुहम्मद अब्देल वहाब आणि बाई, दोन दिग्गज, इतकी वर्षं एकमेकांपासून लांब राहिलेले, शेवटी एकत्र आले आणि पारंपरिक वाद्यांच्या मध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजली. जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पण गाणं काही थांबलं नाही. १९६६ ला सुनबातींचं 'अल-अतलाल', कविता इब्राहिम नाजी यांची. मूळ विरहाची कविता, पण त्यात आपलं स्वातंत्र्य परत मागणारी एक ओळ आहे आणि १९६७ च्या युद्धात इस्रायलकडून झालेल्या पराभवानंतर लोक तिच्यात राजकारण ऐकायला लागले. १९६७ मध्येच बाईंनी इक्बालच्या उर्दू कवितेचा अरबी अनुवादही गायला, 'हदीथ अल-रूह', म्हणजे आपल्या उपखंडाचा शेरही त्या गळ्यातून गेला.

युद्धात हरलेल्या देशासाठी मग बाई साठीच्या पुढच्या वयात टूरवर निघाल्या. नोव्हेंबर १९६७ मध्ये पॅरिसचं ओलिम्पिया थिएटर, नंतर मोरोक्को, ट्युनिशिया, सुदान, कुवेत, लिबिया, आणि मिळालेले पैसे सरकारी तिजोरीत. डोळ्यांचा त्रास, त्यावरचा तो काळा गॉगल, शेवटी मूत्रपिंडांनी साथ सोडली आणि ३ फेब्रुवारी १९७५ ला कैरोत गेल्या. अंत्ययात्रेचा सरकारनं आखलेला मार्ग गर्दीनं मोडला, खांदेकऱ्यांकडून शवपेटी घेतली आणि हातोहात थेट हुसेन मशिदीकडे नेली.

कैरोच्या झमालेक भागातला त्यांचा बंगला नंतर पाडला, तिथे आता उंच इमारत आणि त्यांच्याच नावाचं हॉटेल आहे. २००१ मध्ये कैरोतच नाईलमधल्या रोडा बेटावर मनास्तर्ली राजवाड्याच्या आवारात संग्रहालय झालं, त्यात गॉगल आणि पोशाख ठेवलेत. बंगला ठेवला असता तर या संग्रहालयाला वेगळी जागा शोधायची वेळच आली नसती, पण हे सुचायला सरकारला पंचवीसेक वर्षं लागली.