पार्श्वभूमी: मिनिमाइझचं बटण गेलं कुठे?

लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीवर नव्याने आलेला माणूस पहिल्याच दिवशी दोन प्रश्न हमखास विचारतो. कोणती ॲप्स टाकू? आणि विंडोच्या कोपऱ्यात नुसती फुलीच का, बाकीची दोन बटणं कुठे आहेत? पहिल्याचं उत्तर दर दोन वर्षांनी बदलतं. दुसऱ्याचं उत्तर २०११ सालात आहे, आणि आज नव्या संगणकावर आधी कोणती ॲप्स टाकावी लागतात हेही बरंचसं त्या सालानेच ठरवलं आहे.

त्याआधी ‘डेस्कटॉप’ या शब्दाचा गुंता सोडवायला हवा. आपण तो तीन अर्थांनी वापरतो. लॅपटॉप नसलेला, टेबलावर ठेवायचा संगणक हा एक अर्थ. वॉलपेपर आणि त्यावरचे आयकॉन हा दुसरा. आणि पॅनेल, मेनू, विंडो हलवणारा प्रोग्राम, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज असा सगळा संच, म्हणजे ग्नोम किंवा केडीई, हा तिसरा. भांडणं झाली ती तिसऱ्या अर्थाच्या डेस्कटॉपवरून, पण लोकांच्या तक्रारी आल्या दुसऱ्या अर्थाच्या भाषेत: ‘डेस्कटॉपवर फाइल का ठेवता येत नाही?’ २००८ मध्ये केडीई ४ च्या पहिल्या आवृत्त्या आल्या तेव्हा नेमका हाच घोळ झाला. डेस्कटॉप म्हणजे एक फोल्डर, ही समजूतच त्यांत काढून टाकली होती. आयकॉन हवे असतील तर ‘फोल्डर व्ह्यू’ नावाची चौकट मांडायची. मागे कल्पना चांगली होती, पण माणसं आपल्या फाइली शोधत बसली.

मुळात युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्या पूर्वज प्रणालीच्या, जगात पडदा कसा दिसावा हे कुणी ठरवायचं नाही, असाच दंडक होता. १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीने विंडो काढण्याची सोय दिली. तिला चौकट कशी, बटणं किती, हे दुसऱ्या प्रोग्रामवर सोडलं. १९९६ मध्ये केडीईची घोषणा झाली. बटणं-मेनू पुरवणाऱ्या ज्या क्यूटी लायब्ररीवर ते उभं होतं तिचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये ग्नोम सुरू झालं. २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आली आणि वादाचं मूळ कारण संपलं, पण तोवर दोन्ही घरं बांधून झाली होती.

२००२ च्या जूनमध्ये आलेल्या ग्नोम २.० ने पहिली मोठी छाटणी केली. पहिल्या आवृत्तीतल्या कितीतरी सेटिंग्ज गेल्या. त्यामागचा विचार आजही मला पटतो: प्रत्येक पर्यायाची किंमत असते, दहा हो-नाही पर्याय म्हणजे तपासायच्या हजारभर मांडण्या, आणि पुष्कळदा पर्याय ठेवला जातो तो बनवणाऱ्यांचं एकमत होत नाही म्हणून. मात्र या छाटणीत पॅनेल वाचलं होतं. वरची-खालची पट्टी हवी तिथे न्यायची, उजवं क्लिक करून हवामान, घड्याळ, नोंदवही असं काहीही तिच्यावर बसवायचं. २००४ मध्ये दर फोल्डर नव्या विंडोत उघडण्याचा आग्रह धरला गेला, तोही पुढे मागे घेतला. बाकी नऊ वर्षं लोकांनी आपापलं घर लावून घेतलं होतं.

मग ६ एप्रिल २०११ रोजी ग्नोम ३.० आलं. खालची पट्टी गेली. उजव्या क्लिकने पॅनेलवर काही बसवणं गेलं. डेस्कटॉपवरचे आयकॉन मुळातच बंद ठेवले होते. आणि प्रकाशनाच्या जेमतेम काही आठवडे आधी ठरलं की मिनिमाइझ आणि मॅक्सिमाइझ ही बटणंही नकोत. तर्क असा: मॅक्सिमाइझसाठी विंडो वरच्या कडेला ओढा किंवा शीर्षकावर डबल क्लिक करा. आणि मिनिमाइझ करायचं तर कुठे? खाली पट्टीच नाही, मग विंडो जाणार कुठे? नको असलेली विंडो दुसऱ्या वर्कस्पेसवर, म्हणजे दुसऱ्या आभासी पडद्यावर, टाका.

तर्क आतून घट्ट आहे. पण त्याची सुरुवातच चुकीच्या जागी आहे असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. मिनिमाइझ ही पट्टीची सोय नव्हती, ती माणसाच्या कामाची रीत होती. हिशेब लिहिताना मध्येच कुणी आलं तर आपण वही मिटत नाही आणि दुसऱ्या खोलीतही नेऊन ठेवत नाही, बाजूला सारतो. संपलेलं नाही, पण आत्ता समोर नको, एवढंच त्या बटणाला म्हणायचं होतं. वर्कस्पेस हे त्याचं उत्तर होऊ शकतं, पण फक्त ज्याला मनात चार पडद्यांचा नकाशा धरता येतो त्याच्यासाठी. बटण मुळात बंद ठेवणं एक वेळ समजू शकतं. ते परत आणण्याची जागा सेटिंग्जमध्ये न ठेवणं हा खरा अन्याय होता. ती कळ ट्वीक टूल नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये गेली.

त्याच महिन्यात उबुंटू या लिनक्सच्या तयार संचाच्या ११.०४ आवृत्तीने युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप पुढे केला. तिथे तिन्ही बटणं होती, पण डावीकडे, आणि डाव्या कडेचा लाँचर, म्हणजे ॲप्सची उभी पट्टी, हलवायची सोय २०१६ पर्यंत नव्हती. जुनं ग्नोम चालवत राहायचं म्हटलं तरी पंचाईत, कारण नव्या-जुन्याची नावं तीच, दोन्ही एकत्र बसत नव्हती. यातून माटे निघालं. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोम २ चा कोड उचलला आणि घटकांना स्पॅनिश नावं दिली: नॉटिलस या फाइल मॅनेजरचं काहा, म्हणजे पेटी, विंडो हलवणाऱ्या मेटासिटीचं मार्को, म्हणजे चौकट, मजकूर लिहिण्याच्या जीएडिटचं प्लुमा, म्हणजे लेखणी. माटे वापरणाऱ्याला ॲप्सच्या यादीत ही अनोळखी नावं का दिसतात, त्याचं कारण हे. सिनॅमन या दुसऱ्या डेस्कटॉपचा मार्ग वेगळा होता: पाया ग्नोम ३ चा, मांडणी जुनी. लिनक्सच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, मूळ लेखकानेही २०११ मध्ये ग्नोम सोडून एक्सएफसीई हा आणखी एक डेस्कटॉप धरला होता. २०१३ मध्ये तो परतला, तो एक्स्टेन्शन्सच्या, म्हणजे ग्नोमला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांच्या, बळावर.

एक्स्टेन्शन्स ही ग्नोमची पळवाट, आणि तीच पुढे मुख्य रस्ता झाली. पट्टी, डॉक, आयकॉन, सगळं त्यांनी परत आणलं. पण त्या थेट शेलच्या, म्हणजे ग्नोमचा पडदा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, कोडमध्ये हात घालतात, त्यामुळे सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की काही ना काही मोडतं. २०२३ च्या सप्टेंबरमधल्या ग्नोम ४५ ने तर मॉड्यूलची, म्हणजे कोडचे भाग जोडण्याची, पद्धतच बदलली आणि प्रत्येक एक्स्टेन्शन दुरुस्त करावं लागलं. दरम्यान २०१८ मध्ये आयकॉन काढण्याचा कोडही फाइल मॅनेजरमधून गेला. २०२१ च्या अखेरीस आलेल्या लिबअद्वैता या लायब्ररीने ॲपचा रंगढंग ॲपच्याच हाती दिला, म्हणून आज थीम बदलली तरी ग्नोमची नवी ॲप्स आपल्याच रूपात राहतात. ॲप्स निवडताना हे पाहावं लागतं: माटे किंवा केडीईवर ती उपरी दिसतात.

मराठीचाही या कथेत थोडा हिस्सा आहे. ग्नोमचे मेनू मराठीत आले त्यातलं बरंच काम पुण्यात झालं आणि लोहित फॉन्टमुळे देवनागरी नीट दिसू लागली. मांडणी बदलली की अनुवादकांनाही नव्याने बसावं लागे, हे कष्ट कुणाच्या हिशेबात धरले गेले नाहीत.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटूने युनिटी सोडून ग्नोम घेतलं, पण येताना डावीकडचा डॉक, म्हणजे ॲप्सची पट्टी, ठेवला आणि तिन्ही बटणं पुन्हा उजवीकडे लावली. डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या इतर संचांच्या ग्नोममध्ये मात्र आजही एकटी फुलीच असते. तिथे ट्वीक्स हे ॲप टाकायचं, त्यातल्या विंडोंच्या सेटिंग्जमध्ये शीर्षकपट्टीच्या बटणांपाशी जायचं आणि दोन कळा चालू करायच्या. तोवर सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि एच एकत्र दाबलं तरी विंडो बाजूला होते.