मॅटर्निटी लीव्हनंतर परत जॉइन होताना: अर्ज कधी, कागद कुठले, मागायचं काय

परत जॉइन व्हायची तयारी बाळ झाल्यावर बघू असं मी ठरवलं होतं आणि तिथेच फसले. सुट्टीचा फॉर्म एचआरने दिला, तारीख त्यांनीच टाकली, मी सही केली, आणि बाळ जेमतेम चार महिन्यांचं असताना मी परत ऑफिसात बसलेली. बेकायदा काहीच नव्हतं, आठवडे मी मोजले नव्हते एवढंच. म्हणून हे सगळं उलट्या टोकाकडून सांगते, आधी परत यायचा दिवस ठरवा आणि मग सुट्टीचा अर्ज करा.

आधी हिशोबच बघू. भारतात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी सुट्टी आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे डिलिव्हरीच्या अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. "जास्तीत जास्त" हा शब्द नीट वाचा, ८ घ्यायलाच पाहिजेत असं नाहीये. समजा ड्यू डेट २० जून आहे. २५ एप्रिलपासून सुट्टी घेतली तर ती २३ ऑक्टोबरला संपते, म्हणजे बाळ चार महिन्यांचं. तेच ५ जूनपर्यंत काम झेपलं आणि डॉक्टरांची हरकत नसली तर सुट्टी ४ डिसेंबरपर्यंत जाते, बाळ साडेपाच महिन्यांचं होतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध असं डॉक्टर सांगतात ना, त्यामुळे हा दीड महिना लहान वाटला तरी लहान नसतो. अर्थात पाय सुजलेत, बीपी वाढलंय, रोजचा प्रवास जमत नाहीये तर आधी घ्याच, हट्ट करू नका. आणि हो, २६ आठवडे म्हणजे सलग १८२ दिवस, रविवार आणि सुट्ट्या धरून. दोन मुलं आधीच असतील तर मात्र १२ आठवडेच.

आता पात्रता. कारखाना, खाण, मळा, किंवा १० आणि त्याहून जास्त माणसं कामाला असलेलं दुकान किंवा ऑफिस, आणि ड्यू डेटच्या आधीच्या १२ महिन्यांत तिथे किमान ८० दिवस काम केलेलं असावं, बस. पगारी सुट्ट्या त्या ८० त धरतात. पर्मनंट असायची अट नाही. रोजंदारीवरच्या बायकांनाही हा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच दिल्ली महापालिकेच्या केसमध्ये सांगितलंय, तेव्हा "तू कॉन्ट्रॅक्टवर आहेस, तुला लागू नाही" हे ऐकून गप्प बसू नका. आधी हे सगळं १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होतं, २०१७ च्या दुरुस्तीने १२ चे २६ आठवडे झाले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ते सामाजिक सुरक्षा संहिता या नव्या एकत्रित कायद्यात गेलंय. ऑफिसच्या फॉर्मवर जुन्या कायद्याचं नाव दिसलं तर गोंधळू नका, आठवड्यांचा हिशोब तोच आहे.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर रस्ता थोडा वेगळा, पैसे कंपनी नाही तर तो विमा चालवणारं महामंडळ, ईएसआयसी, देते. साधारण महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या यात येतात, आधीच्या दोन कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये (योगदानाचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून किमान ७० दिवसांचं योगदान भरलेलं लागतं. क्लेम विमा क्रमांकाने लॉगिन करून ऑनलाइन टाकता येतो. बँक खातं तिथे आधीच जोडलेलं आहे ना ते सातव्या महिन्यातच बघून घ्या, बाळ मांडीवर असताना ओटीपीच्या मागे धावणं नको.

अर्जात तीन गोष्टी हव्यात: सुट्टी कधीपासून, या काळात दुसरीकडे कुठेही काम करणार नाही हे लेखी, आणि पैसे तुम्हाला नाही तर कोणाला द्यायचे त्याचं नाव. मधली ओळ नुसती फॉर्मॅलिटी वाटते पण सुट्टीत दुसऱ्या ठिकाणी काम घेतलं तर लाभ जाऊ शकतो. सोबत गरोदरपणाचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, त्यावर अपेक्षित तारीख स्पष्ट लिहिलेली पाहिजे. डिलिव्हरी अचानक लवकर झाली आणि अर्ज राहूनच गेला तरी हक्क जात नाही, नंतर शक्य तितक्या लवकर द्या. कायद्याप्रमाणे आधीच्या आठवड्यांचे पैसे आगाऊ आणि उरलेले डिलिव्हरीचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे असतात, बहुतेक कंपन्या सरळ दर महिन्याला पगार टाकतात, तोही चालतो, पण येतोय ना ते बघत रहा.

बाळाची जन्मनोंद २१ दिवसांच्या आत करा, तेवढ्यात ती फुकट होते. इथे एक घोळ नेहमी होतो तो नावाचा. ऑफिसात माहेरचं नाव, आधारवर सासरचं, हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डवर तिसरंच स्पेलिंग, आणि मग जन्मदाखल्यावर आईचं नाव असं येतं की एचआर म्हणतं हा दाखला तुमचाच कशावरून. माझ्या कागदांत एक "ए" जास्त होता, त्यापायी दोन महिने मेलामेली चालली. हॉस्पिटल सोडायच्या आधी डिस्चार्ज कार्ड वाचा, खरंच वाचा. ग्रुप इन्शुरन्समध्ये बाळाचं नाव टाकायलाही ठरावीक मुदत असते, ती आधीच विचारून ठेवा.

आता मुख्य भाग. जॉइन व्हायच्या महिनाभर आधी एक मेल टाका, फोनवर बोलणं झालं असलं तरीही. त्यात जॉइनिंगची तारीख लिहा आणि खालच्या गोष्टी मागा.

एक म्हणजे नर्सिंग ब्रेक, बाळाला दूध पाजायची सुट्टी. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय, आणि त्यासाठी पगार कापता येत नाही. याची माहितीच कित्येक ऑफिसांत नसते, माझ्या मॅनेजरला तर मी सांगितल्यावर कळलं. बाळ जवळ नसेल तर हाच वेळ दूध काढायला वापरायचं म्हणून बोलून ठेवा, आणि दार बंद होणारी खोली मागा, बाथरूम नाही.

दुसरं पाळणाघर. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीने सोय करायची असते, ५० बायका नव्हे, एकूण ५० माणसं. दिवसात चार वेळा बाळाला बघून यायची मुभा आहे, त्यात तुमची विश्रांतीची वेळही धरली जाते. कंपनी लहान असेल तर अंगणवाडी सेविकेला विचारा, केंद्र सरकारच्या पाळणाघरांच्या 'पाळणा' योजनेत सहा महिने ते सहा वर्षांची मुलं घेतात, तुमच्या भागात सुरू असलं तर.

वर्क फ्रॉम होम मागता येतं, पण तो हक्क नाही, कामाचं स्वरूप तसं असेल आणि दोघांचं जमलं तर. म्हणून "काही दिवस घरून करू द्या" असं मोघम लिहू नका, किती आठवडे, कोणते दिवस, कोणत्या वेळा ते लिहा आणि होकार लेखी घ्या. तोंडी होकार मॅनेजर बदलला की हवेत जातो.

सरकारी नोकरीत असाल तर वेगळे नियम. केंद्रात १८० दिवस प्रसूती रजा आणि शिवाय पूर्ण नोकरीत ७३० दिवस बालसंगोपन रजा, महाराष्ट्र शासनात बालसंगोपन रजा १८० दिवस. अर्ज कार्यालयप्रमुखांकडे. आणि केंद्र सरकारच्या मातृवंदना योजनेत गरोदर बायकांना मिळणाऱ्या ५,००० रुपयांसाठी बऱ्याच जणी फॉर्म भरतात, पण सरकारी नोकरीत असाल किंवा कायद्याने असाच लाभ आधीच मिळत असेल तर ती तुम्हाला लागू होत नाही, उगाच फेऱ्या मारू नका.

सुट्टीवर असताना कामावरून काढलं किंवा सेवाशर्ती तुमच्या तोट्याच्या केल्या तर ते बेकायदा आहे. ऑर्डर हातात आल्यापासून ६० दिवसांत अपील करता येतं, कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन कुठल्या अधिकाऱ्याकडे द्यायचं ते विचारा. जाताना नेमणूक पत्र, सुट्टीचा अर्ज पोचसह, आधीच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप आणि ते सगळे मेल प्रिंट काढून न्या. ऑफिसचा मेल आयडी बंद झाला की काहीच उघडत नाही, त्यामुळे प्रत्येक मेलची कॉपी आजच स्वतःच्या आयडीवर ठेवा.