जुळ्यांसाठी दूध: तयारी पोटात असतानाची

1986 साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या पीटर हार्टमन यांच्या गटाने जुळ्यांना अंगावर पाजणाऱ्या आठ आयांचं दूध मोजलं. बाळं सहा महिन्यांची असताना या बायकांना चोवीस तासांत 840 ग्रॅमपासून 2 किलो 160 ग्रॅमपर्यंत दूध येत होतं. त्यांच्यासोबत एक तिळ्यांची आई होती. तिची बाळं अडीच महिन्यांची असताना तिचं दिवसाचं दूध 3 किलोंच्या वर गेलं होतं. एका बाळाच्या आईला दिवसाला सरासरी पाऊण लिटर दूध येतं, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचं मोल कळतं. सोनोग्राफीत दोन ठोके दिसल्या दिवसापासून ‘दोघांना पुरणार कसं?’ हा प्रश्न घरात सुरू होतो. बहुतेक बायकांच्या बाबतीत शरीराची क्षमता हा अडथळा नसतोच. अडचण येते ती बाळंतपणानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत, आणि तिची तयारी मात्र पोट असतानाच करावी लागते.

चौथ्या-पाचव्या महिन्यातच स्तनांतल्या पेशी चीक बनवायला लागतात. तरी भरपूर दूध येत नाही, कारण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन त्याला अडवून धरतं. वार पडली की हे संप्रेरक झपाट्याने उतरतं, दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला वाट मोकळी होते आणि दोन-तीन दिवसांत छाती भरून येते. इथपर्यंतचं काम शरीर आपलं आपण करतं. बाळाने चोखलं नाही तरी दूध उतरतंच. पुढे मात्र नियम बदलतो. स्तन रिकामा झाला तर नवं दूध वेगाने बनतं, तुंबून राहिला तर बनण्याचा वेग मंदावतो. हा हिशेब प्रत्येक स्तन स्वतंत्रपणे ठेवतो. दोन बाळं जोमाने पीत असली तर शरीर दोघांपुरतं दूध बनवायला लागतं, आणि कुणीच पीत नसेल तर दुधाचा साठा सुरुवातीलाच आटायला लागतो.

जुळ्यांचं खरं दुखणं इथे आहे. निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवडे पुरे होण्याआधी जन्मतात. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बाळाला साधारण 32 ते 34 आठवड्यांच्या सुमारास जमायला लागतो, आणि तेव्हाही ते चार घोट घेऊन झोपी जातं. त्यात सिझेरियन, रक्तस्राव, एक बाळ आईजवळ तर दुसरं एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात), किंवा दोन्ही काचेपलीकडे. दुधाची मागणी नोंदवायची त्या दिवसांत ती नोंदवणारंच कुणी जवळ नसतं. दहाव्या दिवशी घरची मंडळी म्हणतात, ‘हिला दूधच नाही.’ हा शेरा बाईच्या मनाला फार लागतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचाही असतो.

म्हणून सातव्या महिन्याच्या आसपास, माहेरी जाण्याआधीच, जिथे बाळंत व्हायचं त्या रुग्णालयात काही प्रश्न विचारून ठेवावेत. बाळं एनआयसीयूत गेली तर आईला तिथे केव्हा जाता येईल? पहिल्या काही तासांत हाताने चीक काढायला कोण शिकवेल? तिथे पंप आहे का, की भाड्याने आणावा लागेल? काढलेलं दूध कुठे ठेवतात? मातृदुग्धपेढी, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध साठवणारी पेढी, जवळपास आहे का? आशियातली पहिली मातृदुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली सुरू केली. आईचं दूध येईपर्यंत, विशेषतः फार लवकर जन्मलेल्या बाळांना, तिथलं पाश्चराइज केलेलं दूध मोठा आधार देतं.

रक्त वाढवणं हीसुद्धा दुधाचीच तयारी आहे. जुळ्यांच्या गरोदरपणात लोहाची गरज वाढते आणि बाळंतपणात जास्त रक्त जाण्याचा धोकाही. खूप रक्त गेलं तर दूध उतरायला उशीर होऊ शकतो. हिमोग्लोबिन तपासून घेणं आणि लोहाच्या गोळ्या न चुकवणं हे अळीव-डिंकाच्या लाडवांच्या फार आधी येतं.

छातीला मात्र कसलीही तयारी लागत नाही. बोंडं घट्ट व्हावीत म्हणून टॉवेलने चोळायची, तेल लावून ओढायची, असा सल्ला अजूनही ऐकू येतो. त्याचा फायदा नाही. उलट स्तनाग्रं चाळवली की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं आणि गर्भाशय आकुंचन पावू शकतं. जुळ्यांमध्ये वेळेआधी कळा येण्याची भीती आधीच असते. बाळंतपणाआधीच चीक काढून गोठवून ठेवण्याची पद्धतही अलीकडे कानावर येते. मेलबर्नमधून 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेह असलेल्या, एरवी धोका कमी असलेल्या गरोदर बायकांनी 36 आठवड्यांनंतर असं करणं सुरक्षित ठरलं. त्या बायकांच्या पोटात एकेकच बाळ होतं. जुळ्यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. हाताने दूध काढण्याची कृती नुसती पाहून, समजून ठेवावी. स्तनाग्रं आत ओढलेली असतील तर तेही आधीच दाखवून ठेवावं.

बाळं जन्मल्यावर ती जवळ असोत वा नसोत, शक्य तितक्या लवकर, पहिल्या तासात जमलं तर फारच छान, चीक काढायला सुरुवात करावी. मग दिवस-रात्र मिळून किमान आठ वेळा, रात्रीची एक खेप धरून. पहिल्या दिवशी चमचाभरच निघेल. घाबरायचं कारण नाही, नवजात बाळ एका वेळी तितकंच पितं. ते थेंब वाटी-चमच्याने, बोंडल्याने किंवा डॉक्टर सांगतील तसे नळीने देता येतात. वेळेआधी बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनं अधिक असतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना होणाऱ्या एका जीवघेण्या आजारापासून ते संरक्षण देतं. मध किंवा गुटी यातलं काहीही करू शकत नाही, उलट मधातून जंतुसंसर्गाचा धोका असतो. बाळांना उघड्या छातीशी घेऊन कांगारू पद्धतीने ठेवलं तर दूध वाढायलाही मदत होते, आणि हे काम बाबाही करू शकतात.

बाळांच्या रक्तातली साखर कमी झाली, वजन फार उतरलं, कावीळ वाढली तर डॉक्टर वरचं दूध सांगतील. ते द्यावं. त्याने अंगावरचं दूध बंद होत नाही, फक्त छाती रिकामी करण्याची खेप चुकवू नये. मला वाटतं, जुळ्यांच्या आईला ‘सगळं अंगावरच’ किंवा ‘काहीच नाही’ अशा कात्रीत पकडणं अन्यायाचं आहे. अर्धं दूध आईचं असेल तर त्या अर्ध्याचाही फायदा बाळांना मिळतोच.

खाण्याचा हिशेब सोपा आहे. शंभर मिलिलिटर दुधात साधारण 65 ते 70 कॅलरी असतात. दीड लिटर दूध म्हणजे रोजच्या हजारेक कॅलरी आईच्या अंगातून जाणार. त्यातल्या थोड्या गरोदरपणी साठलेल्या चरबीतून येतील, बाकीच्या ताटातूनच यायला हव्यात. बाळंतिणीला पथ्याच्या नावाखाली डाळ, उसळ, भाजी तोडणं इथे मुळीच परवडत नाही. आणि ते ताट तिच्या हातात आणून देणारं माणूस कोण, हे आठव्या महिन्यातच ठरवावं. रात्री दुसरं बाळ उचलून देणारं, ढेकर काढणारं, दुपटी धुणारं कुणी असेल तरच आठ-दहा खेपा निभतात.

सुरुवातीला एकेका बाळाला वेगळं पाजून कुणाची पकड कशी आहे ते ओळखावं. दोघांची पकड नीट जमली की उशांचा आधार देऊन दोन्ही बगलांत एकेक बाळ धरून एकाच वेळी पाजता येतं, वेळ निम्मा लागतो. एक जोरात ओढणारं आणि दुसरं मऊ चोखणारं असेल तर बाजू अदलाबदल कराव्यात, म्हणजे दोन्ही स्तनांना सारखी मागणी मिळते. पाचव्या दिवसानंतर प्रत्येक बाळाने दिवसात सहा वेळा तरी लंगोट ओला केला आणि वजन चढतं राहिलं, तर दूध पुरतंय. अपुऱ्या दिवसांची बाळं पुष्कळदा मूळ तारखेच्या आसपास येऊन एकदम जोर धरतात, आणि तोपर्यंत पंप किंवा हात चालू ठेवावा लागतो.