गाडी मिसिंग मारतेय? आणण्याआधी बॅटरीला हात लावू नका

(दहा-पंधरा वर्षं जुन्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांच्या मालकांसाठी)

"पिकअप गेलाय, चढाला दम टाकते, मधूनच झटके देते" ही तक्रार आमच्या गॅरेजमध्ये रोजची. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन नीट न पेटणं. पण गाडी येते तेव्हा चेक इंजिनचा दिवा बंद असतो, कारण बॅटरीचं टर्मिनल काढून तो घालवलेला असतो, नाहीतर कुणाच्या तरी ब्लूटूथ स्कॅनरने कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, पुसलेला असतो. दिवा जातो, दोष तिथेच राहतो.

पुसलं जातं ते नेमकं आमच्या कामाचं. पी0302 म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस करतोय. पी0300 म्हणजे एकच असा नाही, कुठलाही. 2013 नंतरच्या गाड्यांत कोडसोबत त्या क्षणाचे आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान आणि इंजिनवरचा लोडही साठवलेला असतो. थंड इंजिनला मिस झालं की घाटात तापल्यावर, हे तिथे एका नजरेत दिसतं. टर्मिनल काढलं की हे सगळं जातं, शिवाय पेट्रोल किती सोडायचं याचा ईसीएमने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) शिकलेला हिशेबही शून्यावर येतो. मग दोष पुन्हा दिसेपर्यंत गाडी ठेवून घ्यावी लागते. दिवा नुसता पेटलेला असेल तर तसाच राहू द्या. लुकलुकत असेल तर रेस न देता हळू चालवत आणा, शक्य असेल तर टो करून. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो.

आधी एक खात्री घरीच करा. चढावर रेस दिल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, तर ते मिसिंग नाही, क्लच घसरतोय. फिरवून आणल्यावर एखादंच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय. या दोन्हीला प्लग बदलून काही होत नाही.

खरंच मिसिंग असेल तर आम्ही सुट्या भागांच्या दुकानात नंतर जातो, आधी अदलाबदल करतो. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तर दोन नंबरची कॉइल तीनवर लावतो. कोड पी0303 झाला तर कॉइल गेली. दोनवरच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग), मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). प्लग काढताना त्याच्या विहिरीत ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय. नवी कॉइलही त्यात फार टिकत नाही. एचटी केबलच्या (कॉइलपासून प्लगपर्यंत जाड वायर असलेल्या) गाडीला अंधारात इंजिन चालू ठेवून केबलवर पाण्याचा बारीक फवारा मारतो. चीर असेल तिथे निळी ठिणगी उडताना दिसते. पावसाळ्यात सकाळी मिस करून दुपारी नीट चालणाऱ्या गाड्यांचं मूळ बहुधा इथेच सापडतं.

कॉम्प्रेशन गरम इंजिनवर, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून मोजतो. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा 1 किलोहून (दर चौरस सेंटीमीटरला) जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतो. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग, नाही चढला तर बहुतेक व्हॉल्व्ह.

मिस नाही, नुसती ओढत नाही, अशा गाडीला स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघतो, म्हणजे ईसीएम ठरल्यापेक्षा किती जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतंय तो आकडा. आयडलला ट्रिम बरंच अधिक आणि 2500 आरपीएमला सुधारतं, तर कुठूनतरी हवा शिरतेय. बऱ्याचदा तडकलेला व्हॅक्यूम पाइप. रेस वाढवल्यावर ट्रिम चढतं, तर पेट्रोलचा फिल्टर किंवा पंप. हल्ली सगळा दोष इथेनॉलवर ढकलायची पद्धत आहे. जुन्या टाकीतला गाळ सुटून फिल्टर भरतो आणि जुने रबरी पाइप खराब होऊ शकतात, हे खरं. पण 80,000 किलोमीटर चाललेल्या प्लगचा दोष इथेनॉलचा नाही.

सीएनजीवाल्यांनो, मिस कशावर होतं हे आधी सांगा. सीएनजीला ठिणगी जोरदार लागते, त्यामुळे झिजलेला प्लग आधी तिथे उघडा पडतो. फक्त पेट्रोलवर होत असेल तर महिनोन्महिने न वापरलेले पेट्रोल इंजेक्टर तुंबलेले असतात. टाकीत चार लिटरच पेट्रोल ठेवायची सवय पंपाला मारक आहे. तो त्याच पेट्रोलने थंड होतो.

तपासणीचे पैसे वेगळे का, असं विचारतात. चारही कॉइल एकदम बदलून मोकळं होणं आम्हालाही सोपं, पण त्यातल्या तीन चांगल्या निघतात आणि बिल तुमचं वाढतं. काम आमच्याकडे केलंत तर तपासणीची रक्कम बिलातून वजा होते, आणि काढलेले भाग पिशवीत घालून परत मिळतात.

इंजिन थंड असताना मिस करणारी गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा. सकाळचा पहिला स्टार्ट आम्हीच मारतो. सोबत चिठ्ठीवर लिहा: मिस थंड असताना की तापल्यावर, कितव्या गिअरला, एसी चालू होता का, शेवटचे प्लग कधी बदलले, आणि गेल्या महिनाभरात कुणी काय उघडलं.