जिवंत माणसाला श्रद्धांजली कशाला वाहताय?

केनी रॉजर्स आणि डॉली पार्टन ह्या अमेरिकन कंट्री गायकांचा नॅशव्हिलच्या स्टेजवर एकत्र गातानाचा व्हिडिओ परत फिरायला लागला की खाली कोणीतरी हात जोडून लिहितंच, 'काय सुंदर श्रद्धांजली कार्यक्रम!' अहो, ज्याला श्रद्धांजली वाहताय तो केनी त्यात समोर माईक घेऊन गातोय ना!

इंग्रजीत ट्रिब्यूट म्हटलं की माणूस असो नाहीतर नसो, दोन्हीला चालतं. आपण त्याचं सरसकट श्रद्धांजली करून टाकतो, फार तर आदरांजली, आणि हे दोन्ही शब्द मराठीत गेलेल्या माणसासाठीच. श्रद्धांजलीचा कार्यक्रम कसा असतो ते काय सांगायचं, हार घातलेला फोटो, दोन मिनिटं शांतता, सगळ्यांना माहितीये. कंट्री गायिका लोरेटा लिन ४ ऑक्टोबर २०२२ ला गेली आणि ३० तारखेला नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री ह्या संगीतगृहातून सीएमटी ह्या कंट्री संगीताच्या चॅनलने तिच्या आठवणींचा कार्यक्रम लाइव्ह दाखवला. त्याला म्हणा खुशाल श्रद्धांजली.

केनीचं तसं नाही. २५ ऑक्टोबर २०१७, नॅशव्हिलचं ब्रिजस्टोन अरीना, तो गाण्यातून निवृत्त होत होता म्हणून लायनल रिची, रीबा मॅकएंटायर, क्रिस स्टेपल्टन वगैरे मंडळी आली आणि त्याची गाणी त्याच्याच समोर गायली, हा बसून ऐकतोय, आणि मग डॉलीबरोबर स्वतः गातोय, दोघांचं स्टेजवरचं शेवटचं गाणं. आपल्याकडे ह्याला साधा सरळ सत्कार म्हणतात. गौरव सोहळा म्हणा, मानवंदना म्हणा, मला मानवंदना जास्त आवडतं.

आता लोक फसतात ते तारखेत. केनी गेला २० मार्च २०२० ला, आणि सीबीएस ह्या अमेरिकन टीव्ही चॅनलने ह्या कार्यक्रमाचा स्पेशल दाखवला सप्टेंबर २०२१ मध्ये, म्हणजे टीव्हीवर बघणाऱ्याला वाटणारच की गेल्यावर सगळे जमलेत, पण रेकॉर्डिंग जवळजवळ चार वर्षं आधीचं! गेल्यानंतरचा कार्यक्रम वेगळाच आहे, एप्रिल २०२० मध्ये सीएमटीवर झालेला, कोविडमुळे कलाकार आपापल्या घरून गायले होते. म्हणून टीव्हीवर कधी लागलं ते सोडा, रेकॉर्ड कधी झालं ते बघा. नाहीतर डॉली त्याच्याकडे बघून गाते त्यात तुम्ही शोक शोधत बसता आणि समोरासमोर घेतलेला निरोप हातातून निसटतो.

कंट्री गायक जॉर्ज जोन्सचं तर उलटंच झालं. त्याच अरीनात २२ नोव्हेंबर २०१३ ला त्याचा निरोपाचा कार्यक्रम ठरलेला, आणि तो एप्रिलमध्येच गेला. कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला, फक्त आता खरोखरची श्रद्धांजली होती. ह्या माणसाचं टोपणनावच 'नो शो जोन्स', शोला दांडी मारण्यात नाव कमावलेलं!

आणि कंट्री गायक विली नेल्सनच्या नव्वदीचा लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल ह्या खुल्या रंगमंचावरचा कार्यक्रम, एप्रिल २०२३ मध्ये दोन रात्री झालेला, सीबीएसने डिसेंबरमध्ये दाखवलेला, त्याच्याखाली पण मी 'आरआयपी लेजंड' वाचलंय. म्हातारा तिथे दोन्ही रात्री स्वतः गायलाय हो.