डेकल चिन्हे : सोव्हिएट युद्धकालीन लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींवरील

दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएट लढाऊ विमानांच्या मापबद्ध प्रतिकृतींवर राष्ट्रचिन्ह, क्रमांक, घोषणा आणि पथकचिन्हे चढविण्यासाठी वापरली जाणारी, पाण्यात भिजवून सरकवण्याची छापील चित्रे. याक, लाव्होच्किन व मिग या देशी बनावटीच्या विमानांबरोबर लेंड-लीज म्हणजे मित्रराष्ट्रांच्या युद्धसाहित्य मदतीतून आलेल्या एअराकोब्रा, हरिकेन वगैरेंचाही यात समावेश होतो. १:७२, १:४८ आणि १:३२ ही प्रचलित मापे होत. कार्टोग्राफ (इटली), टेकमॉड (पोलंड), बेगेमोट (रशिया), एडुआर्ड (चेक प्रजासत्ताक) इत्यादींची पत्रे (डेकल छापलेले कागद) अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. प्रतिकृतीच्या खोक्यात येणाऱ्या पत्रांचा दर्जा फार कमीजास्त असतो.

पत्राची घडण : शोषक कागदावर डेक्स्ट्रिनसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर पारदर्शक वार्निशचा वाहक पडदा आणि त्यावर शाईचे थर अशी रचना असते. सोव्हिएट चिन्हांत लाल, पांढरा व पिवळा हे रंग मुख्य असून ते गडद हिरव्या, काळ्या किंवा करड्या पृष्ठभागावर बसतात. त्यामुळे शाईच्या अपारदर्शकतेला येथे विशेष महत्त्व आहे. खाली पांढऱ्या शाईचा आधार नसलेला लाल तारा काळ्या पट्ट्यावर तपकिरी दिसतो आणि मागील रंगसीमा ताऱ्याच्या आरपार उमटते. पत्रावरील एखादे बिनकामाचे चिन्ह प्रथम काळ्या रंगविलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर लावून पाहावे. त्यातून खालचा रंग दिसत असेल, तर त्याच आकाराचा पांढरा तारा खाली लावणे किंवा एकावर एक दोन डेकल बसविणे हे दोन उपाय आहेत.

तारा : युद्धकाळात तारा साधारणतः सहा ठिकाणी असे : धडाच्या दोन बाजू, उभ्या शेपटीच्या दोन बाजू आणि पंखांची खालची अंगे. १९४१ च्या उन्हाळ्यात छलावरण (कॅमोफ्लाज) कडक झाले तेव्हा पंखांच्या वरच्या अंगावरील तारे काढून टाकण्यात आले. युद्धारंभीच्या काही विमानांवर मात्र ते छायाचित्रांत दिसतात. पंखाखालील ताऱ्याचे एक टोक पुढच्या कडेकडे रोखलेले असते, तर धडावरील ताऱ्याचे टोक वर.

किनारीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. युद्धापूर्वी व युद्धाच्या सुरुवातीस साधा लाल किंवा बारीक काळ्या किनारीचा तारा आढळतो. पांढरी किनार, आणि तिच्या बाहेर पुन्हा बारीक लाल रेघ, ही पद्धत अधिकृतपणे १९४३ मध्ये आली असे सर्वसाधारणपणे मानतात. पांढऱ्या किनारीची उदाहरणे त्याआधीचीही असावीत. आदेशाची तारीख आणि आघाडीवरील विमानांवर प्रत्यक्ष बदल दिसण्याची तारीख यांत अंतर असणे स्वाभाविक आहे. कारखान्यातून नवे विमान नव्या चिन्हासह येई, जुन्यावर फक्त पांढरी कड जोडली जाई किंवा काहीच केले जात नसे. त्यामुळे ‘१९४३ नंतर सर्वत्र पांढरी किनार’ हा काही संकलनांतील नियम टिकत नाही. त्या विशिष्ट विमानाचे छायाचित्र हाच निर्णायक पुरावा मानणे श्रेयस्कर. पैलू पाडल्यासारखी छटा असलेला तथाकथित क्रेमलिन तारा काही विमानांवर होता. तो सरसकट वापरणे चूक ठरते.

ताऱ्याचा आकार तपासण्याची एक सोपी रीत आहे. नियमित पंचकोनी ताऱ्यात आतील कोपऱ्यांची केंद्रापासूनची लांबी बाहेरच्या टोकांच्या लांबीच्या सुमारे ०.३८ पट असते, आणि एका टोकाच्या कडेवर पट्टी ठेवली की ती पलीकडच्या टोकाच्या कडेशी सरळ रेषेत येते. पट्टी जुळत नसेल, तर तारा फुगीर किंवा सडपातळ काढलेला आहे. मूळ विमानावर हाताने रंगविलेला तारा फुगीर असूही शकतो, पण मग तसे छायाचित्र हवे. किनारीचे गणितही करून पाहावे. मूळ पांढरी कड ५ सेंमी. धरली, तर ती १:४८ मध्ये सुमारे १ मिमी., १:७२ मध्ये ०.७ मिमी. होते, १ सेंमी.ची बाहेरची लाल रेघ १:७२ मध्ये जेमतेम ०.१४ मिमी. उरते. छपाईत रंग ०.१ मिमी.ने सरकला तरी एका बाजूची रेघ जाड आणि दुसरीकडची नाहीशी होते. खरेदीपूर्वी भिंगातून प्रथम हीच जागा पाहावी. काही पत्रांत पांढरा आधार व लाल तारा वेगवेगळे छापतात. त्यात छपाईचा दोष टळतो, पण जुळवणीची जबाबदारी लावणाऱ्यावर येते; पांढरा भाग पूर्ण सुकल्याशिवाय लाल भाग चढवू नये.

क्रमांक आणि त्यांचे रंग : धडावरील क्रमांक बहुधा एक किंवा दोन अंकी असून पांढरा, पिवळा, लाल व निळा या रंगांत असत. अंकांचे वळण रेजिमेंटनिहाय, कधी रंगाऱ्यानुसार बदले. रंगावरून स्क्वाड्रन ओळखता येते असे जुन्या संकलनांत लिहिलेले आढळते. काही रेजिमेंटांत तशी प्रथा होतीही, पण सर्व हवाई दलाला लागू होईल असा नियम सिद्ध झालेला नाही.

रंगांविषयीच्या बहुतेक वादांचे मूळ कृष्णधवल फिल्ममध्ये आहे. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जाणवत नाही. तिच्यावर लाल जवळजवळ काळा, निळा फिकट आणि पिवळा करडा उतरतो. पॅनक्रोमॅटिक फिल्मवर पिवळा पांढऱ्याच्या जवळ जातो आणि लाल मध्यम करडा होतो. परिणामी एकच क्रमांक एका पत्रावर पिवळा, तर दुसऱ्यावर लाल छापलेला सापडतो. त्याच छायाचित्रातील ताऱ्याशी आणि त्याच्या पांढऱ्या कडेशी क्रमांकाची छटा ताडून पाहणे हा त्यातल्या त्यात विश्वसनीय मार्ग. क्रमांक ताऱ्याइतकाच गडद असेल, तर तो लाल असण्याचा संभव जास्त. कडेइतका उजळ असेल, तर पांढरा, पण तेव्हा पिवळ्याची शक्यता पूर्णतः फेटाळता येत नाही. फिल्मचा प्रकार ठरविल्याशिवाय केलेले रंगविधान अनुमानच समजावे.

मूळ रंगांबाबत वासिली वाखलामोव व मिखाइल ओर्लोव या रशियन संशोधकांनी कागदपत्रांच्या आधारे केलेले काम आज अधिक ग्राह्य धरले जाते. त्यानुसार युद्धाच्या पूर्वार्धातील एएमटी या सोव्हिएट विमान-रंगमालिकेतील एएमटी-४ हिरवा व एएमटी-६ काळा यांची जागा १९४३ च्या उन्हाळ्यापासून लढाऊ विमानांवर एएमटी-११ करडा-निळा व एएमटी-१२ गडद करडा यांनी घेतली; खालची बाजू एएमटी-७ निळी. या क्रमात न बसणाऱ्या तपकिरी-वाळूच्या योजना मांडणारी मते अवशेषांच्या व छायाचित्रांच्या वाचनावर विसंबतात. डेकल निवडताना याचा थेट उपयोग होतो. पत्रासोबतच्या रंगचित्रात १९४४ चे लाव्होच्किन हिरव्या-काळ्या रंगात असेल, तर त्यातील क्रमांकाचा रंगही पुन्हा तपासावा.

देणगी-विमाने व घोषणा : सोव्हिएट विमानांवरील लांबलचक देणगी-मजकूर हे या विषयाचे खास अंग होय. सारातोव परगण्यातील मधुमक्षिकापालक फेरापोंत गोलोवाती याने डिसेंबर १९४२ मध्ये १ लाख रूबल देऊन मेजर बोरिस येरयोमिन याच्यासाठी याक-१ विकत घेतले. ‘स्टालिनग्राड आघाडीचे वैमानिक गार्ड मेजर येरयोमिन यांस, स्ताखानोवेत्स सामुदायिक शेतीचे कॉम्रेड गोलोवाती यांजकडून’ अशा आशयाचा मजकूर त्याच्या धडावर होता. हे विमान सारातोव येथे जतन केलेले आहे. १९४४ मध्ये गोलोवातीने दुसऱ्या विमानासाठीही पैसे दिले. सोव्हिएट वैमानिक इव्हान कोझेदुब याच्या ला-५एफएन (लाव्होच्किन) विमानावर एका बाजूस कोनेव नावाच्या शेतकऱ्याकडून भेट, तर दुसऱ्या बाजूस ले. कर्नल कोनेव याच्या स्मरणार्थ असा मजकूर होता. मंगोलियाच्या देणगीतून आलेल्या ला-५ विमानांवर ‘मोंगोल्स्की अरात’ (मंगोल पशुपालक) ही अक्षरे दिसतात.

दोन बाजूंचे मजकूर वेगळे असल्याने डाव्या-उजव्याची अदलाबदल ही नित्याची चूक आहे. सिरिलिकमधील ‘इ’चे अक्षर रोमन एनच्या आरशातील प्रतिमेसारखे असते, रशियन न जाणणाऱ्या छापखान्यात ते सुलटे होऊन जाते. ३० सेंमी. उंचीचे अक्षर १:७२ मध्ये सुमारे ४.२ मिमी. भरते. एवढा मजकूर एका सलग पडद्यावर असेल, तर ओळीच्या दोन शब्दांमधून कापून तुकड्यांत लावावा. वक्र धडावर लांब पट्टी धनुष्यासारखी वाकते.

मॉस्कोजवळील मोनिनो येथील संग्रहालयातील कोझेदुबचे ‘२७’ क्रमांकाचे ला-७ बहुतेक पत्रांत असतेच. त्यावरील विजयतारे (पाडलेल्या शत्रुविमानांच्या खुणा) त्याची अखेरची अधिकृत ६२ ही संख्या दर्शवितात. म्हणून युद्धातील एखाद्या आधीच्या दिवसाचे विमान करताना ते जसेच्या तसे उचलू नये. सोव्हिएट महिला वैमानिक लिडिया लित्व्याक हिच्या याक-१ वरील पांढऱ्या लिलीबाबत अधिक सावध राहावे लागते. ‘४४’ क्रमांकाचे विमान तिच्याशी जोडले जाते, परंतु फुलाचा उल्लेख मुख्यत्वे नंतरच्या लोकप्रिय लेखनातून येतो. लिली वगळलेले पत्र अधिक प्रामाणिक मानावे.

लावण्याची पद्धती : मूळचे एएमटी रंग मॅट असल्याने प्रतिकृतीही मॅट रंगवितात आणि तेथेच बिघडते. खरखरीत पृष्ठभागाच्या खळग्यांत हवा अडकून वाहक पडदा चंदेरी चमकू लागतो. म्हणून रंग पूर्ण सुकल्यावर ग्लॉस वार्निशचे एक-दोन पातळ हात द्यावेत व २४ तास थांबावे. चिन्ह शाईच्या कडेलगत कापावे. कोमट पाण्यात १०–१५ सेकंद बुडवून ते ओल्या टिश्यूवर एक-दोन मिनिटे ठेवावे. पाण्यात सोडून दिले, तर डिंक धुऊन जातो. जागेवर मायक्रो सेट या डेकल बसविण्याच्या द्रावणाचा (यात सौम्य ॲसेटिक आम्ल असते) ओलावा देऊन, ब्रशने सरकवून चिन्ह बसवावे व मधून कडेकडे पाणी टिपावे. त्यानंतर मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर हे पडदा मऊ करणारे द्रावण लावावे. पडदा सुरकुततो, तेव्हा त्याला स्पर्श करू नये. सुकताना तो आपोआप ताणला जातो. सुरकुतलेला पडदा बोटाने दाबल्यानेच बहुतेक तारे फाटतात. काही पत्रांना तीव्र द्रावण सोसत नाही, म्हणून वर सांगितलेली प्लॅस्टिकच्या तुकड्यावरील चाचणी द्रावणासाठीही करावी. हवेचे बुडबुडे राहिल्यास बारीक सुईने टोचून पुन्हा द्रावण द्यावे.

विमानाच्या बांधणीनुसार अपेक्षा बदलते. ला-५ व ला-७ यांचे धड लाकडी असल्याने मागील भागात पत्र्याचे सांधे नसतात. तेथे डेकल गुळगुळीत बसणे योग्यच. याक-१ चा मागील धडभाग कापडाने मढविलेला असून आतील दांड्यांचे उंचवटे दिसतात. तारा त्यांवर घट्ट चिकटला पाहिजे. शेपटीवरील तारा पुष्कळदा स्थिर भाग व रडर या दोहोंवर पसरतो. तो पूर्ण सुकल्यावर नव्या पात्याने बिजागरीच्या फटीतून कापावा आणि द्रावण पुन्हा द्यावे. रडर वळलेला दाखवायचा असल्यास हे आधी करणे सोयीचे.

हिवाळी पांढऱ्या रंगात तारा व क्रमांक यांच्याभोवती जुन्या हिरव्याची कड राहिलेली दिसते, कारण रंगारी चिन्ह टाळून पांढरा रंग लावत. अशा वेळी हिरव्यावर आधी डेकल लावून, वार्निशने सील करून, मग पांढरा रंग त्याच्याभोवती ब्रशने द्यावा. लेंड-लीज विमानांवर मूळ देशाचे चिन्ह झाकणारा ताज्या रंगाचा चट्टा असे. तो डेकलखाली वेगळ्या छटेत रंगविला नाही, तर उत्तम छापलेला ताराही परका वाटतो. देखभाल-सूचनांची बारीक अक्षरे सोव्हिएट विमानांवर जर्मन विमानांच्या मानाने थोडीच असतात.

मोठ्या मापांत मुखवटे वापरून तारा रंगविणे हा डेकलला पर्याय आहे : आधी पांढरा, मग कडेपुरती चिकटपट्टी, मग लाल. बारीक अक्षरे व गार्ड्स पदक (गार्ड्स या गौरवप्राप्त पथकांचे चिन्ह) यांसाठी डेकलच लागते.

साठवण : जुन्या पत्राचा पडदा पिवळा पडल्यास ते उन्हाच्या खिडकीच्या काचेला काही दिवस चिकटवून ठेवल्याने रंग उतरतो. तडकलेल्या पत्रावर लिक्विड डेकल फिल्मचा हात देऊन मगच चिन्हे कापावीत, नाहीतर पाण्यात तुकडे होतात. मुंबई व कोकणासारख्या दमट हवेत पावसाळ्यात डिंक ओल शोषून पत्रे एकमेकांना चिकटतात. प्रत्येक पत्रावर बटर पेपर ठेवून ती सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत सपाट ठेवावीत.