जँगोची आवृत्ती बदलताना: आमचे क्वेरी-टूल वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

आमचे ओपन सोर्स क्वेरी-टूल जँगोवर (पायथन भाषेतली वेबसाइट बांधण्याची चौकट) चालते. ते डेव्हलपमेंट सर्व्हरवर उघडलेल्या प्रत्येक पानामागे डेटाबेसवर किती क्वेरी (माहितीच्या मागण्या) गेल्या, कोणती किती वेळ चालली हे दाखवते आणि त्याची नोंद एका टेबलात ठेवते. "नव्या जँगोवर टूल चालेल ना?" हा प्रश्न आमच्याकडे बहुतेक वेळा अपग्रेडच्या दिवशीच येतो. तोवर उशीर झालेला असतो. अपग्रेडचे खरे काम जुन्या आवृत्तीवर असतानाच उरकायचे असते.

कधी करायचे

जँगोची नवी आवृत्ती दर आठ महिन्यांनी येते. शून्यने संपणारी डिसेंबरात, एकने संपणारी ऑगस्टमध्ये, दोनने संपणारी एप्रिलमध्ये. दोनवाली एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी) असते आणि तिला तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. 4.2 ची मुदत एप्रिल 2026 पर्यंत, 5.2 ची एप्रिल 2028 पर्यंत. एलटीएस 31 मार्चच्या क्लोजिंगनंतर येते, त्यामुळे चाकण-भोसरीतल्या ज्या कंपन्यांचे स्टॉक आणि बिलिंग जँगोवर आहे त्यांना ती सोयीची पडते. तरी पहिला पॅच (छोटी दुरुस्ती-आवृत्ती) येईपर्यंत थांबा. गणपतीच्या दहा दिवसांत आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शनवर काहीही चढवू नका. त्या दिवसांत तुमची टीमही अर्धी असते आणि आमचीही.

आमचा सल्ला स्पष्ट आहे: एलटीएसवरून पुढच्या एलटीएसवर जा. 4.2 मध्ये ज्या गोष्टी कालबाह्य ठरवल्या (त्या वापरल्या तर वॉर्निंग येते) त्या 5.1 मध्ये काढल्या गेल्या, 5.2 मध्ये नव्याने काही काढलेले नाही. म्हणून 4.2 वर एकही वॉर्निंग उरली नसेल, तर तोच कोड 5.2 वर सहसा तसाच चालतो. आमचे टूल याच कारणाने दोन्हींवर एकाच कोडने चालते.

आधी पायथन, मग जँगो

दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर बिघाड कुणामुळे झाला हे शोधण्यात आठवडा जातो. 4.2, 5.2 आणि 6.0 या तिन्हींना चालणारे पायथन म्हणजे 3.12 (4.2 साठी किमान 4.2.8 लागते). आधी तिथे या. 3.12 मधून डिस्टयुटिल्स (पॅकेज बांधण्याचे जुने मॉड्यूल) काढून टाकले आहे, त्यामुळे जुनी पॅकेजेस इथेच अडकतात. ती अडचण जँगोची नाही हे इथेच कळून चुकते. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर 5.2 ला किमान 14 लागते, तेही आधी पाहा.

मग सर्व टेस्ट पायथनच्या "डब्ल्यू" पर्यायाला "ए" जोडून चालवा. तो दिला नाही तर पायथन यातल्या बऱ्याच वॉर्निंग गाळून टाकते आणि सगळे आलबेल वाटते. ज्या कोडवरून टेस्ट जातच नाही त्याची वॉर्निंगही येत नाही, हे लक्षात असू द्या. लॉगआउटची साधी लिंक हे नेहमीचे उदाहरण: 5.0 पासून लॉगआउट फक्त पोस्टने (फॉर्म पाठवताना जाते त्या प्रकारच्या विनंतीने) होते, साध्या लिंकवर 405 ("ही पद्धत चालत नाही") हा एरर येतो, आणि लॉगआउटची टेस्ट सहसा कुणी लिहिलेली नसते.

एरर देणारे बदल परवडतात. मॉडेलच्या मेटामध्ये इंडेक्स_टुगेदर (अनेक कॉलमांचा एकत्र इंडेक्स सांगणारी जुनी सोय) राहिले तर 5.1 सुरूच होत नाही, पाच मिनिटांत कळते. गप्प राहणारे बदल घातक. स्टॅटिकफाइल्स_स्टोरेज ही (सीएसएससारख्या फाइल कशा साठवायच्या हे सांगणारी) जुनी सेटिंग 5.1 पासून वाचलीच जात नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. फक्त फाइलच्या नावातला हॅश (फाइल बदलली की बदलणारा कोड) जातो आणि वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये जुनी सीएसएस तशीच राहते. तिच्या जागी स्टोरेजेस ही सेटिंग लिहा.

आमच्या टूलचे टेबल आणि 6.0

6.0 मध्ये प्रायमरी कीचा (टेबलातल्या प्रत्येक ओळीच्या क्रमांकाचा) डीफॉल्ट प्रकार ऑटोफील्डवरून मोठे आकडे सामावणारा बिगऑटोफील्ड झाला. 3.2 च्या आधी, म्हणजे एप्रिल 2021 पूर्वी सुरू झालेल्या प्रोजेक्टमध्ये डीफॉल्ट_ऑटो_फील्ड ही सेटिंग बहुधा नसते. अशा ठिकाणी मेकमायग्रेशन्स (टेबलांच्या रचनेतले बदल मायग्रेशन फाइलमध्ये लिहिणारी आज्ञा) चालवले की ज्या पॅकेजने आपला प्रकार स्वतः सांगितलेला नाही, त्याच्या फोल्डरमध्ये नवी मायग्रेशन फाइल तयार होते. ही फाइल व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटच्या (प्रोजेक्टची पॅकेजेस बसवलेल्या फोल्डरच्या) आत असते, गिटमध्ये नाही. लॅपटॉपवर सगळे चालते. सर्व्हरवर एन्व्हायर्न्मेंट नव्याने बांधले की फाइल गायब, आणि तुमच्या एखाद्या मायग्रेशनने तिच्यावर अवलंबित्व घेतले असेल तर मायग्रेट (ते बदल डेटाबेसवर चढवणारी आज्ञा) तिथेच थांबते.

आमच्या टूलने अॅपकॉन्फिगमध्ये प्रकार नोंदवला आहे, त्यामुळे त्याच्याकडून हे होत नाही. तुमच्या स्वतःच्या अॅप्ससाठी सेटिंगमध्ये जुना ऑटोफील्ड लिहून टाका. प्रकार बदलायचाच असेल तर ते वेगळे काम म्हणून, मोठ्या टेबलांना किती वेळ लागतो ते मोजून करा. डिप्लॉयच्या आधी मेकमायग्रेशन्स "चेक" आणि "ड्राय-रन" या पर्यायांनी चालवण्याची सवय ठेवा.

आम्ही काय करतो

क्वेरी पकडण्यासाठी टूल एक्झिक्युट_रॅपर (प्रत्येक क्वेरीभोवती आपला कोड गुंडाळण्याची सोय) वापरते. ही सोय जँगो 2.0 पासून अधिकृत कागदपत्रांत आहे. जँगोच्या आतल्या कर्सर क्लासला हात घालणारी टूल्स आवृत्तीगणिक मोडतात, कारण आतला कोड बदलताना कुणाला कळवण्याचे बंधन नसते. प्रत्येक जँगोसाठी आम्ही सर्वात जुने आणि सर्वात नवे चालणारे पायथन तपासतो. मधल्यांनी वेगळे काही सापडणे दुर्मीळ. अल्फा (चाचणीसाठीची पहिली आवृत्ती) अंतिम आवृत्तीच्या साधारण अडीच महिने आधी येते, तेव्हापासून त्यावर टेस्ट सुरू होतात.

पॅकेजमध्ये जँगोची वरची मर्यादा आम्ही लिहीत नाही. लिहिली तर नवा जँगो मागितल्यावर पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारे साधन) मागे मागे जात, मर्यादा नसलेली आमची जुनी आवृत्ती मुकाट्याने बसवू शकते, आणि तीच नेमकी नव्या जँगोवर मोडते. मर्यादा तुमच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये हवी: आमचे टूल आणि जँगो, दोन्हींचे नेमके आकडे.

तरी काही मोडले तर पिप फ्रीझची यादी, पायथन आणि डेटाबेसची आवृत्ती, पूर्ण ट्रेसबॅक (फक्त शेवटची ओळ नव्हे) आणि सेटिंगमधली मिडलवेअरची (प्रत्येक विनंती ज्यातून जाते त्या थरांची) यादी तिच्या क्रमासह पाठवा. टूल मिडलवेअरमध्ये चुकीच्या जागी असेल तर वरच्या मिडलवेअरच्या क्वेरी मोजल्या जात नाहीत, म्हणून क्रम लागतो. सिक्रेट की आणि डेटाबेसचा पासवर्ड पाठवण्याआधी खोडा.